हॉल भाड्याने मिळतो, वही मिळत नाही

दर काही वर्षांनी मुंबई-पुण्यात एक मागणी डोकं वर काढते: फोटोग्राफीसाठी स्वतंत्र कलादालन हवं. निवेदन लिहिलं जातं, सह्या गोळा होतात. एखाद्या प्रदर्शनाला आलेले पाहुणे फीत कापून झाल्यावर माईकवरून ‘याचा जरूर पाठपुरावा करू’ असं सांगतात आणि टाळ्यांच्या गजरात विषय संपतो. पाठपुरावा होत नाही याचं मला फारसं वाईट वाटत नाही, कारण ही मागणीच मला मुळात चुकलेली वाटते.

हॉल कमी आहेत हे खरं. जहांगीरची तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, पुण्यात बालगंधर्वच्या कलादालनासाठीही रांग असते. पण उद्या महापालिकेनं आणखी चार हॉल बांधून दिले, एसी लावले, भिंतींवर स्पॉटलाइट सोडले, तरी आपल्याकडे फोटोग्राफीचं जे नुकसान चाललंय ते थांबणार नाही. हॉल ही सात दिवसांची सोय आहे. गॅलरी हे तीस-चाळीस वर्षांचं काम आहे, आणि ते काम भिंतींवर होतच नाही.

आपल्याकडचं फोटो-प्रदर्शन कसं पार पडतं ते ज्यांनी एकदा केलंय त्यांना सांगायला नको. तारीख मिळाली की अनामत भरायची, प्रिंट काढून घ्यायच्या, फ्रेमवाल्याच्या मागे लागायचं, निमंत्रण व्हॉट्सॲपवर फिरवायचं. पहिल्या दिवशी सकाळी टेम्पोतून फ्रेमा येतात. दुपारपर्यंत हुक, तार, स्टूल आणि लांबून ओरडणारा एक मित्र: ‘डावी बाजू अर्धा इंच वर घे!’ संध्याकाळी उद्घाटन. मग रोज टेबलाशी बसून अभिप्रायाच्या वहीत ‘अप्रतिम!’ आणि ‘कॅमेरा कोणता वापरलात?’ हे वाचायचं. दोन प्रिंट नातेवाईक घेतात, एखादी कुणी डॉक्टर दवाखान्यात लावायला नेतात. शेवटच्या रात्री बबलरॅप, पुन्हा टेम्पो, आणि मग घरचा माळा.

त्या डॉक्टरांनी नेलेली प्रिंट कितवी होती? कोणत्या कागदावर होती? फोटोग्राफरनं पुढे तोच फोटो दुप्पट आकारात आणखी कुणाला दिला का? डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा ती गेली कुठे? हे कुठेही लिहिलेलं नसतं. हॉलच्या कार्यालयात भाड्याच्या पावतीची प्रत असते, तेवढीच काय ती नोंद.

पुढचं आणखी वाईट आहे. फोटोग्राफर जातो. निगेटिव्ह गोदरेजच्या कपाटात, बुटांच्या खोक्यांत, काही स्लाइड्स मिठाईच्या डब्यात. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघते. दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची तर काय न्यायचं आणि काय टाकायचं हे मुलगा-सून एका रविवारी बसून ठरवतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. यातलं काय मोलाचं आहे, कोणत्या खोक्याला हात लावायचा नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. असं सांगणारा, त्या फोटोग्राफरचं काम वीस-पंचवीस वर्षं ओळीनं पाहिलेला, घरच्यांनी फोन केला तर दुसऱ्या दिवशी दारात उभा राहणारा माणूस म्हणजे गॅलरी. तो माणूस आपल्याकडे नाही.

तो सहजासहजी कुठेच तयार झालेला नाही. फोटोग्राफीची गॅलरी हा धंदा किती अवघड, हे न्यूयॉर्कच्या इतिहासात स्पष्ट दिसतं, आणि तिथे तर गिऱ्हाईक होतं, पैसा होता. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या फोटोग्राफरनं १९०५ मध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवर छोट्या खोल्या घेऊन गॅलरी काढली, पुढे ती ‘२९१’ या नावानं गाजली. फोटो ही कला आहे हे सिद्ध करायला निघालेल्या या गॅलरीत १९०८ मध्ये रोदँची रेखाटनं लागली, मग मातीस, पिकासो. १९१७ मध्ये ती बंद झाली तेव्हा तिची ओळख आधुनिक चित्रकलेची गॅलरी म्हणून जास्त होती. ज्युलियन लेव्ही १९३१ मध्ये फोटो विकायचे म्हणूनच बाजारात उतरला. फोटो खपेनात. मग तोही सर्रिॲलिस्ट चित्रकारांकडे वळला आणि १९४९ पर्यंत टिकला तो त्या चित्रांवर. त्याच्याकडचे फोटो कित्येक वर्षं पडून होते, अखेर शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटनं ते घेतले.

हेलन गीची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. एकटीनं मुलगी वाढवणारी ही बाई पारदर्शिकांवर, म्हणजे स्लाइड्सवर, रिटचिंगचं काम करून पोट भरायची. १९५४ मध्ये तिनं ग्रीनिच व्हिलेजमध्ये ‘लाइमलाइट’ नावाचं कॉफी हाउस काढलं आणि त्याच्या एका भागात फोटोंची गॅलरी. कॉफी आणि सँडविचवर गॅलरी जगायची. मोठमोठ्या नावांच्या प्रिंट त्या भिंतींवर लागल्या, आज ज्यांच्यासाठी लिलावात हाणामारी होते अशा, आणि त्या दिवसांत त्या जेवणाच्या बिलापेक्षा थोड्याच जास्त पैशांत मिळत असूनही बहुतेक परत जायच्या. १९६१ मध्ये ते मिटलं.

एका धंद्यानं दुसऱ्याला पोसायचं, हा प्रकार मुंबईला काही नवा नाही. केकू गांधींनी १९४१ मध्ये फ्रेमच्या पट्ट्यांचा कारखाना काढला, केमोल्ड हे नाव तिथलं. फ्रेमा करताना चित्रकारांशी ओळखी झाल्या, आणि १९६३ मध्ये जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू झाली. केकू आणि खोर्शेद यांच्यानंतर मुलगी शिरीन यांनी ती सांभाळली, २००७ मध्ये ती प्रेस्कॉट रोडला गेली. म्हणजे साठ वर्षं टिकणारी खासगी गॅलरी मुंबईत होऊ शकते, एका पिढीकडून दुसरीकडे जाऊ शकते. मग फक्त फोटोग्राफीची का होत नाही? फोर्ट-कुलाब्यात तसे प्रयत्न झाले, चांगल्या जाणकार माणसांनी केले, आणि थोड्याच वर्षांत शटर खाली आलं.

याचं एक कारण साधा हिशेब आहे. गॅलरी आणि कलावंत यांच्यात विक्रीची वाटणी साधारण निम्मी-निम्मी असते. समजा एका प्रिंटची किंमत चाळीस हजार. वीस प्रिंटचं प्रदर्शन, पाच विकल्या गेल्या तर लोक अभिनंदन करतात. गॅलरीच्या हातात आले एक लाख. त्यातून दक्षिण मुंबईतलं महिन्याचं भाडं, वीज, एक माणूस, विमा, उद्घाटनाचा खर्च. चित्राच्या गॅलरीला एक मोठा कॅनव्हास विकून जे मिळतं ते मिळवायला फोटोच्या गॅलरीला वर्ष घालवावं लागतं, आणि जागामालक मात्र दोघांकडून भाडं सारखंच घेतो.

पण भाडं हे पूर्ण उत्तर नाही. न्यूयॉर्कमध्येही भाडं होतं. तिथे १९६९ मध्ये ली विटकिननं गॅलरी उघडली, आणि फक्त फोटोंवर टिकून राहिलेली ती बहुधा पहिली. १९८४ मध्ये विटकिन वारला, त्यानंतर एव्हलिन डेट्झ यांनी ती १९९९ पर्यंत चालवली. तीस वर्षं. १९७१ मध्ये टेनिसन शाड या वकिलानं ‘लाइट’ गॅलरी काढली: जिवंत फोटोग्राफर घ्यायचे आणि त्यांना चित्रकारांसारखं वागवायचं, ही त्याची भूमिका. सोळा वर्षांनी, १९८७ मध्ये, लाइट बंद पडली. या दोन ठिकाणी असं काय घडलं जे लेव्हीकडे आणि लाइमलाइटमध्ये घडलं नाही? लोकांची अभिरुची अचानक सुधारली असं मला वाटत नाही. गॅलरीवाल्यानं वही ठेवायला सुरुवात केली.

वही म्हणजे काय ते जरा जवळून सांगतो. कोणत्या निगेटिव्हवरून, कोणत्या साली, कुणी प्रिंट काढली. फोटोग्राफरनं स्वतः डार्करूममध्ये काढली, सहायकानं काढली, की मृत्यूनंतर वारसांनी काढून घेतली. कागद कोणता, आकार कोणता. दहातली कितवी. सही समोर आहे की मागे. शिक्का कोणता, कारण फोटोग्राफर पत्ता बदलतो तसा शिक्का बदलतो आणि पुढे तीस वर्षांनी त्या पत्त्यावरूनच प्रिंटचा काळ ठरतो. जाणकार माणूस प्रिंट हातात घेतली की आधी ती उलटी करतो. मागच्या बाजूला कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं लिहिलेला बारीक आकडा असतो, आणि तोच आकडा गॅलरीच्या वहीत असतो. शाई वापरत नाहीत, ती कालांतरानं पुढे उमटते. हा आकडा आणि ही नोंद जुळली की त्या कागदाची किंमत ठरते. जुळली नाही तर समोरचं चित्र कितीही सुंदर असो, भाव निम्म्यावर.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर लुइस हाइनच्या प्रिंटचं प्रकरण पाहा. अमेरिकेतल्या गिरण्या-खाणींमधल्या बालमजुरांचे फोटो काढणारा हाइन १९४० मध्ये गेला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याच्या सहीच्या, म्हणजे त्याच्या हयातीतल्या समजल्या जाणाऱ्या, बऱ्याच प्रिंटबद्दल शंका आली. फोटोचा कागद जास्त पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात जी रसायनं मिसळतात ती पन्नासच्या दशकात रूढ झाली. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर चमकतो. या प्रिंट चमकल्या. माणूस मेल्यावर दहा-पंधरा वर्षांनी तयार झालेल्या कागदावर त्याची सही कशी? मॅन रेच्या नावानं विकल्या गेलेल्या प्रिंटबद्दलही त्याच सुमारास असाच गोंधळ झाला. दिवा शेवटचा उपाय. पहिला उपाय म्हणजे ती प्रिंट कोणत्या साली कोणाच्या हातातून आली हे सांगणारी नोंद, आणि ती नोंद करणारा विश्वासाचा माणूस.

आता एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. निगेटिव्हवरून हजार प्रिंट निघू शकतात, फाइलवरून लाख. फोटो हे माध्यम सगळ्यांचं. मग ‘दहाच प्रिंट काढणार’ अशी कृत्रिम टंचाई करून चार श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ते कोंडायचं, आणि वर त्यासाठी सार्वजनिक पैसा मागायचा? हा आक्षेप मला अर्ध्याहून जास्त मान्य आहे. टंचाई हा गॅलरीचा पाया नाही, असूही नये. ॲन्सेल ॲडम्सनं १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला. त्याच्या हजारावर प्रिंट त्यानं काढल्या, आवृत्तीला, म्हणजे एकूण प्रतींना, मर्यादा घातली नाही, तरी १९८१ मध्ये त्यातली एक ७१,५०० डॉलरला गेली. (फोटो नेमका कधी काढला हे ॲडम्सलाच नीट आठवत नव्हतं, शेवटी खगोलशास्त्रज्ञांनी चंद्राच्या जागेवरून ते काढून दिलं. नोंदीचं महत्त्व सांगायला इतकं पुरे!) ॲडम्सनं एकच केलं. १९७५ संपल्यावर प्रिंटच्या ऑर्डर घेणार नाही असं जाहीर केलं आणि तो शब्द पाळला.

शब्द न पाळल्यासारखं वाटलं की काय होतं, तेही दिसलं. विल्यम एगल्स्टन या अमेरिकी फोटोग्राफरचे रंगीत फोटो पूर्वी डाय ट्रान्सफर या महागड्या पद्धतीनं थोड्या प्रतींत निघाले होते. २०१२ मध्ये क्रिस्टीज या लिलावगृहात त्याच जुन्या प्रतिमांसह ३६ मोठ्या आकाराच्या डिजिटल प्रिंट लिलावाला आल्या आणि ५९ लाख डॉलर उभे राहिले. जुन्या प्रिंट जपणारा एक संग्राहक कोर्टात गेला: माझ्याकडची ‘मर्यादित’ आवृत्ती मग कसली मर्यादित? २०१३ मध्ये न्यायालयानं दावा काढून टाकला. आकार नवा, तंत्र नवं, म्हणजे आवृत्ती नवी. कायद्यानं ते बरोबर असेल. पण त्यातून प्रत्येक गिऱ्हाईक हेच शिकलं की प्रिंटखालच्या आकड्याला अर्थ द्यायला कायदा येणार नाही, तो देणारी गॅलरीच लागते. शिवाय कोडॅकनं डाय ट्रान्सफरचं साहित्य नव्वदच्या दशकातच बंद केलं होतं. कागद आणि रसायनं बाजारातून जातात, तेव्हा जुनी प्रिंट पुन्हा काढताच येत नाही. टंचाई अशी आपोआप होते, ती करावी लागत नाही. गरज असते ती तिचा हिशेब ठेवणाऱ्याची.

म्हणून सार्वजनिक पैशाचा प्रश्न मी असा मांडेन: पैसा कशावर घालायचा? लंडनचं उदाहरण बघा. स्यू डेव्हिस यांनी घर गहाण टाकून १९७१ च्या जानेवारीत ग्रेट न्यूपोर्ट स्ट्रीटवरच्या एका जुन्या चहाच्या दुकानात ‘द फोटोग्राफर्स गॅलरी’ उघडली. सुरुवात खासगी जिद्दीची, पण रचना विश्वस्त संस्थेची. आर्ट्स कौन्सिलचं अनुदान, पुस्तकांचं दुकान, प्रिंट-विक्रीचा विभाग, सगळं मिळून. डेव्हिस १९९१ पर्यंत संचालक होत्या, नंतर दुसरे आले, २००८ मध्ये जागा बदलली, २०१२ मध्ये नव्यानं बांधलेली इमारत उघडली. डेव्हिस २०२० मध्ये गेल्या. गॅलरी चालूच आहे. याउलट विटकिन आणि लाइट, दोन्ही नावाजलेल्या आणि दोन्ही मिटलेल्या. सगळ्याच खासगी गॅलऱ्या मिटतात असं नाही, सॅन फ्रान्सिस्कोत जेफ्री फ्रेंकेलनं १९७९ मध्ये काढलेली गॅलरी चाळीस वर्षांच्या पुढे गेली. पण तो अपवाद, आणि अपवादावर धोरण आखता येत नाही.

लाइट बंद पडली तरी तिचं सगळं गेलं नाही, हा मला यातला सर्वांत महत्त्वाचा धागा वाटतो. तिचा पहिला संचालक हॅरल्ड जोन्स १९७५ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात गेला आणि टूसॉनच्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह फोटोग्राफीचा पहिला संचालक झाला. लाइटची कागदपत्रं पुढे याच केंद्रात आली. तिथे तयार झालेल्या माणसांनी, पीटर मॅकगिल, लॉरेन्स मिलर, स्वतःच्या गॅलऱ्या काढल्या. सार्वजनिक संस्थेनं खासगी गॅलरी वाचवायला जायची गरज नव्हती. ती मिटल्यावर तिची खोकी उचलून न्यायला कुणी तरी असणं पुरेसं होतं.

त्याहून जुनं उदाहरण फोटोग्राफर बेरेनिस ॲबटचं. पॅरिसच्या गल्ल्यांचे फोटो काढणारा ॲट्जे १९२७ मध्ये गेला, तेव्हा त्याला ओळखणारे मोजके होते. ॲबटनं त्याच्या प्रिंट आणि काचेच्या निगेटिव्ह मिळवल्या, पुढे ज्युलियन लेव्हीनं त्यात पैसे घातले, आणि १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयानं तो संग्रह विकत घेईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, तिनं तो सांभाळला, त्यावर लिहिलं, लोकांना दाखवला. तिनं कंटाळून तो विकून टाकला असता तर?

आपल्याकडे वारसा कमी नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्ये फोटोग्राफी शिकवायला सुरुवात झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः त्या काळातले फोटोग्राफर. लाला दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये इथे स्टुडिओ काढला. एवढी जुनी परंपरा असलेल्या शहरात आज फोटोग्राफीला वाहिलेली कायमची जागा म्हटलं की एनसीपीए या कला केंद्राची पिरामल गॅलरी आठवते, पुढची नावं आठवायला वेळ लागतो. देशात जे उभं राहिलं ते बहुतांशी इतरत्र. दिल्लीत देविका दौलत-सिंग यांची फोटोइंक. बेंगळुरूत अभिषेक पोद्दार यांनी आधी तस्वीर गॅलरी काढली, आणि २०२३ मध्ये त्यांच्याच पुढाकारानं फोटोग्राफीला मानाचं स्थान देणारं म्यूझियम तिथे उघडलं. इब्राहिम अल्काझी तर पुण्यात जन्मलेले, मुंबईत नाटक उभं केलेले. फोटोंचा त्यांचा प्रचंड संग्रह दिल्लीतल्या प्रतिष्ठानाकडे आहे. जे. जे.त शिकलेल्या आणि फोटोग्राफीची सुरुवात मुंबईत केलेल्या होमाई व्यारावाला यांचं कामही अल्काझींच्या प्रतिष्ठानाकडेच सुरक्षित राहिलं. याबद्दल प्रांतिक कुरकुर करायचं कारण नाही, राहिलं हे महत्त्वाचं. पण मुंबई-पुण्यातल्या फोटोग्राफरच्या घरच्यांनी कुठे फोन करायचा, याचं उत्तर दिल्ली किंवा बेंगळुरू हेच असेल तर ‘स्वतंत्र कलादालन द्या’ हे निवेदन फारच उथळ ठरतं.

कायद्याकडे तर कुणी बघतच नाही. आपली सीमाशुल्काची वर्गवारी आंतरराष्ट्रीय पद्धतीवर बेतलेली आहे. हातानं रंगवलेलं चित्र ९७व्या प्रकरणात येतं, कलावस्तू म्हणून. फोटो ४९व्या प्रकरणात, ४९११ या शीर्षाखाली, ‘इतर छापील साहित्य’ म्हणून. जाहिरातीची पत्रकं आणि मालाचे कॅटलॉग त्याच शीर्षाखाली, कॅलेंडरं शेजारच्या ४९१० मध्ये. युरोपियन युनियननं यावर कधीच तोडगा काढला: फोटोग्राफरनं स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली काढलेली, सही आणि क्रमांक असलेली, सर्व आकार आणि सर्व माउंट (प्रिंटमागचे पुठ्ठे) धरून जास्तीत जास्त ३० प्रती असलेली प्रिंट ही करापुरती कलाकृती. ‘सर्व आकार धरून’ हे लक्षात घ्या, एगल्स्टनच्या वादाची पळवाट तिथे आधीच बुजवलेली आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५३अ सांगतं की चित्र, शिल्प, रेखाटन किंवा हस्तलिखित यांची मूळ प्रत दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकली गेली तर कलावंताला त्यात दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळावा. त्या यादीत फोटो नाही. २०१२ च्या दुरुस्तीत फोटोच्या कॉपीराइटची मुदत इतर कृतींसारखी, म्हणजे हयात अधिक साठ वर्षं, अशी झाली. संसदेनं एवढं केलं, तेव्हा हे कलम कुणाला आठवलं नाही. फोटोग्राफरांच्या संघटना त्या काळात काय करत होत्या, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

आणि हवामान. मुंबईतला फ्रेमवाला प्रिंट पांढऱ्या गोंदानं प्लायवर सपाट चिकटवून देतो, कारण ‘एकदम टाइट बसते साहेब’. दुसऱ्या पावसाळ्यात ती फुगते, तिसऱ्यात तपकिरी ठिपके येतात, आणि चिकटलेली असल्यामुळे सोडवताही येत नाही. आम्लमुक्त माउंट, जपानी कागदाच्या बिजागऱ्या, प्रिंट आणि काच यांच्यात मोकळी जागा, वर्षभर स्थिर आर्द्रता: हे शास्त्र गुपित नाही. महाग मात्र आहे, आणि ते एकेकट्या फोटोग्राफरनं आपापल्या वन-बीएचकेत सांभाळावं अशी अपेक्षा धरणं हास्यास्पद आहे.

तेव्हा नवा हॉल नको. असलेल्याच एखाद्या संग्रहालयात, भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात का नाही, थंड कोरडी एक खोली आणि तिच्यावर पगारी, कायम नेमलेले दोन जाणकार. त्यांचं काम प्रदर्शनं भरवणं नव्हे. ज्या गॅलऱ्या आणि जे फोटोग्राफर येतील त्यांच्या प्रिंटची नोंद ठेवणं, गॅलरी मिटली की तिची वही आणि उरलेला साठा ताब्यात घेणं, फोटोग्राफर गेला की घरी जाऊन खोकी बघणं. अशा खोलीला उद्घाटनाची फीत लागत नाही, दर्शनी पाटीवर नाव कोरायला जागा नसते, म्हणून राजकारण्यांना तिच्यात रस वाटणार नाही हे मला कळतं. एका हॉलच्या बांधकामाच्या पैशांत अशी खोली किती वर्षं चालेल, हा हिशेब पालिकेच्या लेखा विभागानं एकदा मांडून दाखवावा. खासगी गॅलऱ्यांनाही यातून बळ मिळेल. विकत घेणाऱ्याला कळेल की गॅलरी उद्या बंद पडली तरी आपल्या प्रिंटची नोंद कुठेतरी आहे.

या योजनेला सर्वांत मोठा विरोध गॅलरीवाल्यांकडूनच होईल असा माझा अंदाज आहे. वही म्हणजे गिऱ्हाइकांची नावं, दिलेली सूट, रोखीतले व्यवहार, आणि एखाद्या फोटोच्या ‘दहा’ प्रती प्रत्यक्षात तेरा कशा झाल्या याचा पुरावा. तो कुणाला दाखवायला आवडेल? गिऱ्हाइकांची नावं आणि किमती तीस वर्षं मोहोरबंद ठेवाव्यात, ते मला मान्य आहे. पण प्रिंटचा क्रमांक, साल, कागद आणि एकूण प्रती पहिल्या दिवसापासून सगळ्यांना बघता आल्या पाहिजेत, आणि ज्या गॅलरीची त्याला हरकत असेल तिनं सार्वजनिक पैशाकडे हात पसरू नये.